डाग आणि दुरुस्ती : बोर्डावरचे कारळे

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं एकाच वस्तूभोवती फिरतात. इलेक्ट्रॉनिक बोर्डावर कारळ्यासारखा चिकटलेला तो काळा दाणा. पुस्तकात त्याला रोधक म्हणतात, सांगलीत गणपती पेठेच्या कुठल्याही काउंटरवर ‘रेझिस्टन्स’ म्हटलं की मिळतो. मीही तेच म्हणणार. दाण्यावरचे आकडे इंग्रजीत छापलेले असतात, इथे मी ते मराठीत लिहितोय, एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : १०३ लिहिलेला रेझिस्टन्स म्हणजे १० किलोओहम, असं आम्हाला शिकवलं. बोर्डावर मोजला तर मीटर ३.२ किलो दाखवतो. खराब समजून काढला, नवा लावला, तरी ३.२च. माझा मीटर बिघडलाय की बाजारात मिळणारे रेझिस्टन्सच खराब आहेत? (एक विद्यार्थी, मिरज)

मीटर बरा आहे, दुकानदारानंही फसवलेलं नाही. आणि जो काढून टाकलात तोही बहुधा चांगलाच होता. कचऱ्यात गेला नसेल तर शोधून टेबलावर ठेवा आणि मोजा.

तुम्ही मिरजेचे आहात, म्हणून सतारीतून सांगतो. सतारमेकर गल्लीत कारागीर एक तार छेडतो आणि खाली बांधलेल्या तरफा आपोआप बोलायला लागतात. तुम्ही फक्त वरच्या तारेला हात लावलेला असतो, पण कानावर येतो तो सगळ्यांचा मिळून आवाज. बोर्डावर मीटर लावलात की तसंच होतं. मीटर दोन पिनांमधून थोडासा करंट सोडतो आणि वाटेत किती अडवणूक झाली ते सांगतो. तो करंट तुमच्या दाण्यातून गेला की शेजारच्यातून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्याच दोन तांब्याच्या रेषांवर, अर्ध्या इंचावर, ४७२ लिहिलेला दाणा आहे. ४७ वर दोन शून्यं, म्हणजे ४.७ किलो. आता दोन समांतर रेझिस्टन्सचं गणित करा. गुणाकार ४७, बेरीज १४.७, भागाकार जवळपास ३.२. मीटरनं तुम्हाला अगदी बरोबर उत्तर दिलं होतं, फक्त प्रश्न दोघांचा मिळून विचारला गेला होता.

मग बोर्डावर मोजायचंच नाही का? मोजायचं, आणि आधी बोर्डावरच मोजायचं. समांतर वाट अडवणूक कमी करते, कधीही वाढवत नाही. त्यामुळे आकडा छापलेल्यापेक्षा कमी आला तर त्यावरून काहीच ठरत नाही. पण १०३ वर १४ किलो आले, ४० आले, किंवा मीटरनं हातच वर केले, तर तो दाणा गेलेलाच आहे. शेजारी कितीही मंडळी असली तरी बोर्डावर आकडा वाढवून दाखवणं त्यांना जमत नाही. माझ्या दुकानात शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला हे पहिल्या दिवशी सांगतो. दुसऱ्या दिवशी तो कमी आकडा बघून रेझिस्टन्स उपटत बसलेला असतो.

याला एक अट आहे. बोर्डात कुठंही वीज शिल्लक नको. सप्लाय काढलात तरी कॅपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) भरलेला असेल तर मीटर वाट्टेल ते सांगतो, जास्तसुद्धा सांगतो. मेनवर, म्हणजे घरातल्या विजेवर, चालणाऱ्या बोर्डावरचा मोठा कॅपॅसिटर होल्डरमधल्या जुन्या पिवळ्या बल्बमधून रिकामा करा, पेचकसानं ठिणगी पाडून नको. त्यानंतर मीटर व्होल्टवर ठेवून तो शून्यावर आल्याची खात्री करा आणि मगच ओहमवर जा. आकडा हळूहळू चढत असेल तर तुमच्याच मीटरच्या करंटनं एखादा कॅपॅसिटर भरतोय. थांबा, स्थिर होऊ द्या. मग लाल आणि काळी पिन अदलाबदल करून पुन्हा मोजा. दोन वेळा वेगळे आकडे आले तर वाटेत करंटची दिशा बघून वागणारा डायोड, ट्रान्झिस्टर किंवा आयसी (चिप) बसलाय. अशा वेळी दोन्हींपैकी मोठा आकडा खऱ्याच्या जास्त जवळ असतो.

तुमच्याकडे तो स्वस्तातला पिवळा मीटर असेल तर डावीकडे एकटाच १ दिसणं म्हणजे एक ओहम नव्हे. निवडलेल्या रेंजबाहेर गेला, एवढाच त्याचा अर्थ. रेंज वाढवून बघा. हसू नका, यावरून माझ्याकडे भांडण झालेलं आहे.

आकडा कमी आला आणि संशय जात नसेल तर मात्र दाणा काढावा लागतो. जुन्या लांब पायांच्या रेझिस्टन्सचा एक पाय उचलता यायचा, इथं पायच नाहीत. दोन सोल्डरिंग गन असतील तर दोन्ही टोकं एकदम तापवून चिमट्यासारखं उचला. एकच असेल तर दाण्याच्या अंगावरून दोन्ही टोकांना पोचेल असा सोल्डरचा मोठा थेंब द्या, दोन्ही बाजू एकदम वितळतात आणि दाणा बाजूला सरकतो. एक टोक वितळवून चिमट्यानं वर पिळू नका. त्यानं दुसऱ्या टोकाची धातूची टोपी सुटते आणि चांगला दाणा तुमच्याच हातून मरतो. बाहेर काढल्यावर दोन्ही हातांनी धरून मोजू नका. अंगाचा रेझिस्टन्स समांतर लागतो आणि मेगाओहमच्या दाण्यात तो आकडा पार बिघडवतो. टेबलावर ठेवा, पिना वरून टेकवा.

कमी आकडा दर वेळी शेजाऱ्यामुळेच येतो असंही नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर माझ्याकडे बोर्डांची रास लागली होती. त्यातल्या एकावर १०५ लिहिलेला, म्हणजे एक मेगाओहमचा दाणा साठ-पासष्ट किलो दाखवत होता. काढून मोजला तर एकदम ठणठणीत. रिकाम्या जागेवर पिना टेकवल्या तर तिथेही साठ-पासष्ट! दाण्याखाली कृष्णामाईचा गाळ बसला होता आणि तोच करंट वाहून नेत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासला, दिवसभर वाळवला, तोच दाणा परत लावला. तो सेट अजून चालतो.

प्रश्न : आम्ही चौघीजणी एलईडी बल्ब दुरुस्त करून विकतो. चार्ट पाहून आकडे वाचायला शिकलो, पण काहींवर ०१सी, ६८एक्स असं लिहिलेलं असतं, ते चार्टमध्ये नाही. काही दाण्यांवर काहीच नसतं. आणि ३आर३ लिहिलेले दोन शेजारी शेजारी असतात, ते मोजले तर दोन ओहमच्या आसपास येतात. (एक वाचक, विटा)

ताई, शेवटच्यापासून सुरू करतो, कारण वरचं उत्तर वाचलंत तर निम्मं तुम्हीच द्याल. आर जिथं असेल तिथं दशांश चिन्ह समजायचं, म्हणून ३आर३ म्हणजे ३.३ ओहम. दोघे समांतर आहेत, म्हणून निम्मा, १.६५. उरलेलं तुमच्या मीटरच्या वायरीनं खाल्लं. दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, ०.२ ते ०.५ असं काहीतरी दिसेल. ते वजा करायचं. तुमच्याकडे ०.३ निघाला असेल, तर हिशेब जुळला.

हे दोघे तिथं आयसीला करंट किती सोडायचा ते सांगायला बसवलेले असतात. त्यातला एक काढून टाकला तर करंट निम्मा होतो, उजेड कमी पडतो, पण बल्ब थंड राहतो आणि जास्त दिवस टिकतो. बरेच कारखाने बल्ब जेमतेम वॉरंटीपुरता टिकेल एवढा तापवतात, असं माझं मत आहे. गिऱ्हाईकाला सांगून हा बदल करा, न सांगता नको. आणि बल्ब चालू असताना त्या प्लेटवर बोट किंवा मीटरची उघडी पिन नेऊ नका. या बल्बमध्ये मेन आणि बोर्ड यांच्यात बहुतेक वेळा आडपडदाच नसतो.

आता ०१सी. साध्या पद्धतीत शेवटचा आकडा शून्यं मोजतो. १०३ म्हणजे १० वर तीन शून्यं, चार आकडी १००२ म्हणजे १०० वर दोन शून्यं, दोन्ही १० किलोच. चार आकडी बहुधा एक टक्क्याचा असतो, म्हणजे छापील किमतीपेक्षा फार तर एक टक्का इकडेतिकडे. दाणा लहान झाला तशी चार आकडे लिहायला जागा उरेना, म्हणून एक टक्क्याच्या दाण्यांसाठी तिसरी पद्धत निघाली. त्यात पहिले दोन आकडे ही किंमत नसते, तो यादीतला क्रमांक असतो. यादीत ९६ किमती आहेत. ०१ म्हणजे १००, ६६ म्हणजे ४७५, ६८ म्हणजे ४९९. पुढचं अक्षर सांगतं किती पट करायची. ए असेल तर आहे तेवढीच, बी दहा पट, सी शंभर पट, डी हजार पट. एक्स आला तर दहानं भागायचं. तर ०१सी म्हणजे १० किलो आणि ६८एक्स म्हणजे ४९.९ ओहम. ती ९६ ओळींची यादी छापून टेबलासमोर चिकटवा, पाठ करायच्या भानगडीत पडू नका. मीही केलेली नाही.

नुसतं ० किंवा ००० असेल तर तो दाण्याच्या वेषातला तारेचा तुकडा. खालच्या रेषेवरून उडी मारायला वापरतात, मीटरनं तो जवळपास शून्यच दाखवायला हवा.

सगळ्यात जास्त चकवतो तो १००. १९८९ मध्ये रेडिओ दुरुस्तीनं सुरुवात केली, जुन्या रेझिस्टन्सवरचे रंगांचे पट्टे झोपेत वाचायचो, आणि पहिल्यांदा एका मॉनिटरवर असा दाणा आला तेव्हा १०० वाचून शंभर ओहमचा लावला. तीन दिवस बिघाड शोधत होतो. १० वर शून्य शून्यं म्हणजे फक्त १० ओहम. शंभर ओहमवर १०१ लिहिलेलं असतं.

आकडा उलटा तर धरला नाही ना, तेही बघा. ६८१ उलटा धरला की १८९ दिसतो. १८ वर नऊ शून्यं, एवढा रेझिस्टन्स एलईडी बल्बमध्ये कोण कशाला घालेल? किंमत अशी अचाट आली की बोर्ड फिरवायचा.

ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही त्यांच्यात दोन जाती आहेत. अंग काळं, टोकं चंदेरी आणि पोट पांढरं असेल तर रेझिस्टन्सच, पण इतका बारीक की लिहायला जागा नाही. १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे ०४०२ मापाच्या दाण्यावर सहसा काही छापत नाहीत. आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा तपकिरी, सगळीकडून एकाच रंगाचा असेल तर तो कॅपॅसिटर. त्याला ओहममध्ये मोजून काही कळायचं नाही, शॉर्ट आहे का, म्हणजे आतून आरपार जोडला गेलाय का, एवढंच बघता येईल. बोर्डावर शेजारी आर (रेझिस्टन्स) की सी (कॅपॅसिटर) छापलंय, तेही वाचा. वाचायला मी पूर्वी घड्याळजीकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावायचो. आता मोबाइलनं फोटो काढतो आणि मोठा करतो. तिरका टॉर्च मारला की पुसट आकडाही उठतो.

प्रश्न : एका अ‍ॅडॅप्टरमध्ये ३३४ लिहिलेले तीन रेझिस्टन्स एकामागून एक जोडलेत. एकच एक मेगाओहमचा का नाही वापरला? कंपनीला तिप्पट खर्च कशाला? (पलूस)

प्रश्न आवडला. घरातले २३० व्होल्ट डायोडमधून जाऊन कॅपॅसिटरवर साठले की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. ते या साखळीतून आयसीला सुरुवातीचा घोट पाजतात. १ मेगाओहमवर ३२५ व्होल्ट म्हणजे दशांश एक वॉटच्या जरा वर. १२०६ मापाचा, ३.२ मिलिमीटर लांब दाणा साधारण पाव वॉट सोसतो, म्हणजे उष्णतेची अडचण नाही. अडचण व्होल्टची आहे. तो दाणा दोन टोकांमध्ये २०० व्होल्टपर्यंत धरतो, ०८०५ मापाचा १५०. म्हणून ३२५ तिघांत वाटले, प्रत्येकाला १०८.

अ‍ॅडॅप्टर अगदी मुका असेल, फ्यूज शाबूत असेल आणि मोठ्या कॅपॅसिटरवर व्होल्टेज येत असेल, तर माझी पिन सगळ्यात आधी या तिघांवर जाते. वर्षानुवर्षं व्होल्टेज सोसून यांची किंमत वाढत जाते किंवा ते सरळ ओपन होतात, म्हणजे आतून तुटतात. वरून बघायला नव्या नवरीसारखे कोरे! ३३० किलोच्या जागी ९०० दिसले की काढायचा. बदलताना तिन्ही बदला, आणि त्याच मापाचे.

प्रश्न : आमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. वजनकाट्याचा बोर्ड दर हंगामानंतर बिघडतो. दुरुस्तीवाला दर वेळी ‘रेझिस्टन्स गेला’ म्हणतो आणि पैसे घेतो. एवढे रेझिस्टन्स कसे जातील? फसवतोय का? (तासगाव परिसर)

मला वाटतं, तो खरं बोलतोय. तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझं लक्ष तिथंच अडकलं. ‘काटा धुरीच्या खोलीच्या दाराशी ठेवलेला असतो.’

बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून तुम्ही गंधकाची धुरी देता. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, बंद खोलीत ट्रे रचतात आणि गंधक पेटवतात. सगळं गंधक काही जळत नाही, थोडं नुसतंच वाफ होऊन उडतं. ती वाफ चांदीची वैरीण. घरात पैंजण काळे पडतात ना, तेच हे.

आणि त्या काळ्या दाण्यात चांदी असते. पांढऱ्या सिरॅमिकच्या पाटीवर रोध करणारा पातळ थर, त्यावर काचेचा लेप, आणि थराला टोकांशी जोडायला चांदीची पट्टी. चांदीवर निकेल आणि कथिल चढवतात, पण काचेचा लेप संपतो आणि कथिल सुरू होतं तिथं केसाएवढी फट राहते. गंधक तिथून आत शिरतं, चांदीचं काळं सल्फाइड बनतं आणि पट्टी आतून खाल्ली जाते. आधी आकडा वाढतो, शेवटी वाटच तुटते. भिंगाखाली टोकाजवळ बारीक काळी बुरशी उगवल्यासारखी दिसते. पुढच्या वेळी दुरुस्तीवाल्याकडे जुने काढलेले दाणे मागा आणि बघा. तुमची शंका तिथंच फिटेल.

त्याला माझा निरोप द्या, की साधे दाणे लावण्याऐवजी अँटी-सल्फर म्हणून मिळतात ते लाव. वर लेप द्यायचा असेल तर सिलिकॉनचा नको, गंधकाची वाफ त्यातून आरपार जाते. पण सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्याच हातात आहे. काटा धुरीपासून लांब, दुसऱ्या खोलीत न्या आणि वजनं तिथं करा.

एक ताकीद. तुमच्याकडे गन आहे, मीटर आहे, उत्साहही दिसतोय, तरी त्या काट्याचं सील तुम्ही तोडू नका. व्यापारातला काटा उघडायचा तर वैधमापन खात्याचा परवाना असलेला दुरुस्तीवालाच लागतो, आणि नंतर काट्याची पुन्हा पडताळणी होऊन शिक्का बसावा लागतो. हात शिवशिवत असतील तर जुन्या अ‍ॅडॅप्टरवर प्रयोग करा, पलूसकरांसारखे.

प्रश्न : रेझिस्टन्स जळून आकडाच गेलाय. किंमत कशी काढायची? (कोरेगाव)

मोजून नाही, जळालेल्याचा आकडा खोटा असतो. त्याच बोर्डावर जुळी बाजू असेल, म्हणजे डावा-उजवा चॅनेल किंवा दुसरा फेज, तर तिथला जोडीदार वाचा. नसेल तर शेजारच्या आयसीचा नंबर टाकून कंपनीचा माहितीकागद काढा, नमुन्याच्या आकृतीत त्या पायाजवळची किंमत बहुधा मिळते. आर०१० सारखा करंट मोजणारा दाणा असेल, म्हणजे ०.०१ ओहमचा, तर बदललेला बरोबर आहे की नाही हे साध्या मीटरच्या ओहम रेंजवर दिसणार नाही. सप्लायमधून मोजून १ अँपिअर सोडा आणि पिना थेट दाण्याच्या टोकांवर टेकवून व्होल्टेज बघा, १० मिलिव्होल्ट यायला हवेत.

नवा लावण्याआधी तो कुणामुळे जळाला ते शोधा. पुढचा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट असेल तर नवा दाणाही तुमच्या डोळ्यांदेखत धूर सोडेल. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब, म्हणजे मेनच्या वाटेत एक जुना पिवळा बल्ब, लावाच. आणि फोटो पाठवाल तेव्हा आजूबाजूचे चार इंच येऊ द्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नुसता काळा डाग आहे, तो बोर्डाचा आहे की तव्याचा हेसुद्धा मला सांगता येत नाही.